गाळलेलं वाक्य

"हे तू लिहिलेलं नाहीस ना?" नवऱ्याने विचारलं, आणि तिच्या हातातला कप बशीवर टेकता टेकता जरासा वाजला. झालं एवढंच. सकाळचे साडेआठ वाजले होते, समोरच्या इमारतीच्या भिंतीवर ऊन नेहमीसारखं तिसऱ्या मजल्यापर्यंत उतरलं होतं, आणि नवरा टोस्टचा तुकडा तसाच हातात धरून मोबाइलमध्ये बघत होता. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर तो लोकांना पाटीवरची अक्षरं वाचायला लावायचा, सगळ्यात खालची ओळ दिसते का म्हणून विचारायचा, आणि बायकोने लिहिलेल्या लेखाच्या खालच्या ओळीपर्यंत मात्र बारा वर्षांत कधी पोचला नव्हता. हा त्या दोघांतला जुना विनोद होता. पाहुणे आले की ती तो सांगायची आणि तोही हसायचा. आज तो शेवटपर्यंत पोचला होता. तिच्या डोळ्यांदेखत त्याचा अंगठा भराभर सरकला, पान वर गेलं, आणि तो पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागला. लोणी वितळून बोटांवर आलं तेही त्याला कळलं नाही. कसलं आहे एवढं, असं तिने विचारलं तेव्हा तो म्हणाला, साबणाच्या साइटवर आलंय, मला वाटलं तुला माहीत असेल. मोबाइल तिच्याकडे सरकवून तो उठला आणि हात धुवायला बेसिनपाशी गेला. नळ सुटल्याचा आवाज काही लवकर आला नाही. तो नुसता उभा होता.

लेखाचं नाव होतं 'पाठ'. तिच्या मनात पहिला विचार आला तो असा, की याला कोण उघडणार. एक शब्द, तोही असा. वाचणाऱ्याला काय समजायचं, पाठ म्हणजे अंगाची की शाळेतला. मथळ्यात आकडा हवा, नाहीतर प्रश्न तरी हवा. पहिल्या दोन ओळींत माणूस अडकायला हवा. परिच्छेद तीन ओळींपुढे गेला की बोट पुढे सरकतं. हे ती झोपेतसुद्धा सांगू शकली असती. वर्तमानपत्राची पुरवणी बंद पडली तेव्हापासून ती घरी बसून लोकांसाठी लेख लिहीत होती: एका दातांच्या दवाखान्यासाठी, एका गादीवाल्यासाठी, अकाली केस गळणाऱ्या लोकांच्या एका डॉक्टरसाठी. कुणाच्या लेखावर तिचं नाव नसायचं. दंतवैद्याच्या लेखात ती जरा रागीट पण प्रेमळ व्हायची, गादीवाल्याच्या लेखात आळशी आणि खुशमिजास. आणि साबणाच्या साइटवर ती 'मी' व्हायची. हा मी म्हणजे तिच्या धाकट्या भावाची बायको. भावजय घरच्या मागच्या खोलीत साबण करायची, आणि अडीच वर्षांपूर्वी भावाने गळ घातली होती की ताई, तू एवढं जगाचं लिहितेस, हिच्यासाठी दोन ओळी लिही. दोन ओळींचे सेहेचाळीस लेख झाले होते. त्या लेखांतली भावजय पहाटे गॅलरीत बसून फुलं निवडायची, तेल कोमट झालंय का ते मनगटावर थेंब टाकून बघायची, चुकायची, स्वतःला हसायची, आणि शेवटी कधीही उपदेश न करता काहीतरी असं बोलून जायची की वाचणाऱ्या बायका खाली लिहायच्या, तुम्ही माझ्या मनातलं बोललात. खऱ्या भावजयीच्या गॅलरीत वाळत घातलेले कपडे आणि एक चाक नसलेली सायकल होती. खरी भावजय चार वाक्यं सलग बोलली तर घरातले चमकून बघायचे. पण हळूहळू कुणी तिला ओळखीत म्हणायचं, अहो, तुम्ही लिहिता किती गोड, तेव्हा ती खाली बघून हसायची, आणि मग संध्याकाळी नणंदेला फोन करून सगळं शब्दशः सांगायची, जणू कुणाचं तरी तिच्याकडे चुकून आलेलं पाकीट परत करावं तसं. ताईला ते आवडायचं. पाकीट परत यायचं म्हणून आवडायचं.

ती तशीच उभ्याने वाचायला लागली, वाचता वाचता बसली. पहिलं वाक्य होतं: 'माझ्या सासूबाई गेल्या त्याला आता तीन वर्षं झाली आणि त्यांची पाठ मला अजून आठवते.' तिचा हात सवयीने 'आणि'वर गेला. तिथे वाक्य तोडायला हवं होतं. मग तिला कळलं की ही तिच्या आईची पाठ आहे. लेखात फार काही नव्हतं. आजारपणाचे शेवटचे सात महिने भावजय सासूला पलंगावरच कुशीवर वळवून आंघोळ घालायची. कातडी इतकी पातळ झाली होती की दुकानातला साबण झोंबायचा. नर्सबाईंनी सांगितलं, बिनवासाचा, साधा काहीतरी बघा. तो मिळेना, म्हणून हिने कुठूनकुठून माहिती काढून स्वतः केला. पहिला घाण झाला, दुसरा दगड झाला, तिसरा चालला. पाठ धुताना वरून खाली हात न्यायचा, खालून वर नाही, कारण खालून वर नेला की त्या श्वास धरायच्या. डाव्या खांद्याखाली एक तीळ होता, तो त्यांना स्वतःला कधीच दिसला नव्हता, तो कसा आहे असं त्या विचारायच्या. ही सांगायची, मोहरीएवढा. दुसऱ्या दिवशी परत विचारायच्या. 'त्या मला चिमे म्हणायला लागल्या होत्या. आधी कधी म्हणत नव्हत्या.' साबण असा सुरू झाला, एवढंच लिहून लेख संपला होता. संपला म्हणजे थांबला होता; शेवट असा केलेलाच नव्हता.

चिमे. ती पाच वर्षांची असेल, गोवर निघाला होता, खोलीत अंधार केलेला, आणि कपाळावर ओलं फडकं ठेवताना आईने पहिल्यांदा म्हटलेलं तिला आठवत होतं. चिमे, डोळे मीट. पुढे कधी ताप आला तरच. बरं वाटलं की ते नावही जायचं, औषधाच्या बाटलीबरोबर कपाटात ठेवून दिल्यासारखं. त्यामुळे लहानपणी तिला ताप यावासा वाटायचा. मोठी झाल्यावर तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही, आणि लिहिलंही नव्हतं. इतकी वर्षं इतक्या लोकांसाठी इतकं खोटंनाटं लिहिताना एकदाही हात त्या शब्दाकडे गेला नव्हता, कारण तो ठेवणीतला होता. आणि तो आता चारचौघांत पडला होता, कुणाच्याही हाताला लागेल असा, दुसरीच्या लेखात. तिला घशाखाली काहीतरी कडू, कोमट असं सरकताना जाणवलं. ते रडू नव्हतं. रडू तिला ओळखता येत होतं. हे तसं नव्हतं. हे पायांतून वर येत होतं आणि त्याला धार होती. नवरा कधी बाहेर गेला, दार कधी ओढलं गेलं, तिला कळलं नाही. जाताना तो म्हणून गेला होता की आईंच्या पाठीवर तीळ होता हे मला आज कळलं. तिला म्हणायचं होतं, मलाही.

मग तिने संगणक लावला आणि साइटच्या मागच्या बाजूला गेली, जिथे कोण किती वाचून गेलं ते दिसतं. तिथला पासवर्ड तिनेच ठेवलेला होता. लेख आदल्या दुपारी टाकलेला होता. तिच्या मागच्या तीन लेखांना मिळून जेवढे वाचणारे आले होते त्यापेक्षा जास्त एका रात्रीत येऊन गेले होते, पण ते तिला सोसलं असतं. गर्दीचं काय, वाऱ्याने येते आणि वाऱ्याने जाते. तिने वाचायला लागलेला वेळ बघितला. चार मिनिटांत वाचून होईल एवढा लेख, आणि माणसं त्यावर सरासरी नऊ मिनिटं थांबली होती. तिच्या सगळ्यात गाजलेल्या लेखावर अडीच मिनिटं थांबली होती, आणि तेव्हा तिने नवऱ्याला बाहेर जेवायला नेलं होतं. नऊ मिनिटं. म्हणजे वाचून झाल्यावर कुणी उठलंच नव्हतं. ती त्या आकड्याकडे बघत राहिली. एखाद्या बंद दाराशी उभं राहावं, आत आपलीच माणसं हळू आवाजात बोलतायत हे कळावं आणि कडी वाजवायला हात उचलू नये, तसं तिचं झालं. या सेहेचाळीस लेखांतला मी तिचा होता. तिने त्याला बोलायला शिकवलं होतं, हसायला शिकवलं होतं, कुठे थांबायचं ते शिकवलं होतं. आणि आज त्या मीने तिच्याकडे पाठ फिरवून स्वतःच्या तोंडाने चार शब्द काढले होते, आणि सगळे त्याच्याकडेच बघत होते.

साबण कसा सुरू झाला हे तिने स्वतःच पहिल्या लेखात लिहिलं होतं. फुलं, गॅलरी, एक पावसाळी दुपार, हाताशी आलेलं जुनं पुस्तक. भावजयीला तिने विचारलंच नव्हतं. विचारायचं काय त्यात, बाईने साबण केला म्हणजे हौस म्हणूनच केला असणार. भावजयीने तो लेख वाचून फोन केला होता आणि म्हणाली होती, छान आहे ताई. एवढंच. त्या वेळी आईला जाऊन सहा महिने झाले होते. आता ताईला आठवलं की ते म्हणण्याआधी पलीकडे जरा शांतता झाली होती, आणि ती शांतता तिने कौतुकाची धरली होती.

ती दर रविवारी जायची. दीड तासाचा रस्ता, दोन वाहनं बदलून. मोसंबी न्यायची, नाहीतर केक न्यायची, आईला ते खाता यायचं नाही तरी न्यायची. आई उशीला टेकून बसलेली असायची, केस विंचरलेले, इस्त्रीचा गाऊन, अंगाला कसलाच वास नाही. आजाऱ्याच्या खोलीत शिरताना तिचं पाऊल उंबऱ्यावर अडायचं, ते आईला तशी बसलेली बघून पुढे पडायचं. वाटायचं, आहे, बरं आहे, ही मंडळी उगाच फोनवर घाबरवतात. आई तिला विचारायची, सध्या कुणाचं लिहितेस, आणि ती गादीवाल्याच्या गमती सांगायची आणि आई हसायची. दोन तास कसे जायचे कळायचं नाही. आईच्या अंगाला हात लावायची वेळ तिच्यावर कधी आली नाही. आली असती तर, हे तिला पक्कं ठाऊक होतं, तिने काहीतरी निमित्त काढून बाहेर जाऊन फोन लावला असता. मोठी झाल्यापासून तिला आजारी अंगाची भीती होती, नुसती भीती, तिला दुसरं काही सुंदर नाव देता येण्यासारखं नव्हतं. भावजय तेव्हा आतबाहेर करत असायची, पाणी आणून दे, पडदा ओढ, आणि एकदाही खोलीत बसायची नाही. ताईला वाटायचं, किती समजूतदार आहे, आम्हा मायलेकींना मोकळं सोडते.

आणि लेखात तेही होतं. दुसऱ्यांदा वाचताना दिसलं. तिळाच्या जरा पुढे, मध्येच, बाकीच्या वाक्यांसारखंच खाली मान घालून चाललेलं एक वाक्य: मुलगी रविवारी यायची, त्याविषयी. रविवारी. म्हणजे बाकीचे सहा दिवस नाही. हे न लिहिता लिहिलेलं होतं. किती साळसूदपणे, ती मनात म्हणाली. हजारो लोकांपुढे, जे तिला ओळखत नाहीत आणि कधी ओळखणार नाहीत अशा लोकांपुढे, ती त्या घरातली रविवारची मुलगी झाली होती. मोसंबी घेऊन येणारी, खुर्चीच्या कडेला बसणारी, वाहन चुकेल म्हणून घड्याळ बघणारी. तिने वाक्य पुढे वाचलं नाही. दुपारचे बारा वाजत होते, खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि ती गाडी एकसारखी तोच सूर काढत होती. तिने माउस ओढून वाक्य निळं केलं आणि पुसलं. मागचं पुढचं बेमालूम जुळून आलं. तिच्यातल्या कसबी बाईला त्याचंही क्षणभर बरं वाटलं, की लेख घट्ट झाला. मग तिने पान सेव्ह केलं आणि दंतवैद्यासाठी अक्कलदाढेवर लिहायला घेतलं. ते तिने एका बैठकीत लिहिलं आणि त्यात एकही चूक नव्हती.

संध्याकाळी भावजयीचा फोन आला. तिला अपेक्षा होती. भावजय म्हणाली की ताई, तुम्हाला न विचारता टाकलं, साबण वाळत घालताना एकदम मनात आलं आणि लिहून झालं, मग वाटलं टाकावं. राग नाही ना आला. ताईने म्हटलं, छे, छान आहे. मग म्हटलं, साधं आहे. साधं हा शब्द तिने फार काळजीपूर्वक निवडला होता, दुसऱ्याच्या ताटात अर्धी भाकरी वाढावी तसा. भावजय खूश झाली. म्हणाली, मला तुमच्यासारखं कुठलं जमतंय, परत काही लिहिणार नाही, तुम्हीच लिहा. हे ऐकून ताईला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट ते कडू कोमट परत वर आलं. परत लिहिणार नाही म्हणते. जिला जमतं तिला सोडून देता येतं. आपण बारा वर्षं न सोडता बसलोय.

पुढचे काही दिवस ती रोज सकाळी तो आकडा बघायची. दात दुखत असताना जीभ पुन्हा पुन्हा तिथेच जाते तसं. आकडा उतरला तर तिला हलकं वाटायचं आणि हलकं वाटलं की स्वतःची शिसारी यायची. लेखाखाली लोक लिहीत होते, आपल्या आयांविषयी, सासवांविषयी, एकाने तर आपल्या आजारी कुत्र्याविषयी लिहिलं होतं, आणि भावजय प्रत्येकाला उत्तर देत होती: 'हो. कळलं.' दोन शब्द. ताईने शिकवलं होतं की उत्तरात समोरच्याचं नाव घ्यावं, एक प्रश्न विचारावा, म्हणजे तो परत येतो. ही नाव घेत नव्हती, प्रश्न विचारत नव्हती, आणि लोक परत येत होते. तिने एका रात्री जेवताना नवऱ्याला म्हटलं की हे सगळं दुःखाचं भांडवल आहे. नवऱ्याने घास थांबवून तिच्याकडे बघितलं, चष्मा लावायला आलेल्या माणसाच्या डोळ्यांत बघतो तसं, आणि म्हणाला, तुझी आई होती ती. तो पुढे जेवला.

आठव्या दिवशी साइटच्या टपालात एका निवृत्त भूमापकाचं पत्र आलं. ते टपाल दोघींनाही दिसायचं. आयुष्यभर जमिनी मोजलेला माणूस. पत्रही तसंच, सरळ रेषेत. त्याने लिहिलं होतं की आपला लेख मंगळवारी वाचला. त्यात सासूबाईंची मुलगी यायची त्या दिवसाविषयी एक वाक्य होतं. माझी मुलगी दूर असते, महिन्यातून एकदा येते आणि आपण पुरेसं करत नाही म्हणून झुरते. ते वाक्य तिला वाचून दाखवावं म्हणून काल उघडलं, तर सापडलं नाही. मी ते चुकीचं वाचलं होतं का? माझ्या वयात तसं होऊ शकतं, म्हणून विचारतो. ताईने ते दोनदा वाचलं. मुलगी झुरते म्हणून वाचून दाखवायचं? काय होतं असं त्या वाक्यात? तिने आठवायला बघितलं. तिला 'रविवारी' एवढाच शब्द आठवत होता, आणि त्यापुढे तिचा स्वतःचा राग. उत्तर काय द्यावं या विचारात ती असतानाच खाली भावजयीचं उत्तर उमटलं. तिने लिहिलं होतं: 'तुम्ही बरोबर वाचलं होतं. माझ्या हातून ते पुसलं गेलं. माफ करा.'

माझ्या हातून. भावजयीला कळलं होतं. केव्हाच कळलं असणार. आपलं लिहिलेलं पोर किती बोटांचं आहे हे आईला मोजून बघावं लागत नाही. तिने फोन केला नाही, विचारलं नाही, नवऱ्याजवळ, म्हणजे ताईच्या भावाजवळही, बोलली नसणार, नाहीतर त्याचा फोन आला असता. तिने नुसतं ते आपल्या अंगावर घेतलं, ओलं कापड पिळून दोरीवर टाकावं इतक्या सहज. आणि ताईला या सहजपणाचाच सगळ्यात जास्त त्रास झाला. आईची पाठ तिची, चिमे तिची, नऊ मिनिटं तिची, आणि आता हा मोठेपणाही तिचाच. माझ्यासाठी काही ठेवशील का, ती मोठ्याने म्हणाली, रिकाम्या खोलीत, आणि स्वतःच्या आवाजाने दचकली. दोन दिवस ती वाक्य परत घालायचा प्रयत्न करत होती. त्या साइटवर जुनं काही राहायचं नाही. एकदा सेव्ह केलं की आधीचं गेलं. तिने लिहून बघितलं: रविवार उजाडला की त्यांच्या अंगात कुठून बळ यायचं कोण जाणे. लिहून बघितलं: लेकीची चाहूल लागली की त्या सावरून बसत. आणखी सहासात. सगळी चांगली होती. भूमापकाने एका नजरेत ओळखलं असतं की ही जमीन त्या तुकड्यातली नव्हे.

अकराव्या दिवशी सकाळी ती निघाली. रविवार नव्हता. भावाकडे पोचली तेव्हा तो कामावर गेला होता, आणि भावजय मागच्या खोलीत आदल्या दिवशी ओतलेला साबण साच्यातून काढून तारेने कापत होती. पूर्वी ही आईची खोली होती. पलंगाच्या जागी लांब टेबल आलं होतं, भिंतीला लावलेल्या फळ्यांवर वड्या एकमेकींपासून दोन बोटं सोडून वाळत होत्या, प्रत्येक रांगेपुढे तारखेची चिठ्ठी. खोलीला तेलाचा, जरासा कपड्यांच्या कपाटासारखा वास होता. ताई या खोलीत गेल्या अडीच वर्षांत उंबऱ्याच्या आत आली नव्हती. जे काही लिहिलं ते बाहेरच्या खोलीत बसून, फोटो मागवून. भावजयीने हातमोजे काढले, चहा टाकते म्हणाली. ताई म्हणाली नको, आधी बस. दोघी टेबलाच्या दोन बाजूंना बसल्या.

"ते वाक्य मी काढलं," ताई म्हणाली.

"माहीत आहे."

"परत घालायचंय. मला आठवत नाही ते. लिहायला बसले तर जमलं नाही."

भावजयीने तिच्याकडे पाहिलं. मग फळीवरून एक वही काढली. कुठल्या दिवशी किती तेल, किती पाणी, साबण कधी कापला, हे लिहायची ती वही होती. मागच्या पानांवर पेन्सिलीने लेख लिहिलेला होता, आकड्यांची बेरीज करावी तशा बारीक अक्षरात. तिने बोटाने ओळ शोधली. ताईने पिशवीतून संगणक काढून टेबलावर उघडला, वड्यांना लागणार नाही असा, आणि बोटं तयार ठेवून बसली. बारा वर्षांत ती कुणाचं सांगितलेलं लिहायला बसली नव्हती.

भावजय वाचायला लागली, शाळेतल्यासारखं, एकेक शब्द सोडून: "त्यांची मुलगी रविवारी यायची, त्या दिवशी त्या मला पाठ दोनदा धुवायला लावायच्या आणि ती यायच्या आधी अर्धा तास उठून बसायच्या, एरवी त्या बसत नव्हत्या."

ताईने टाइप केलं. 'एरवी' शब्दापाशी तिची बोटं अडली. ती म्हणाली, "एरवी बसत नव्हत्या म्हणजे?"

"नाही बसत. बसता येत नव्हतं. कंबरेखाली जखम होती, मोठी. तुम्हाला सांगायचं नाही म्हणाल्या होत्या. शपथ घातली होती."

खोलीत ऊन आलं होतं आणि वड्यांच्या कडा मेणासारख्या दिसत होत्या. ताईला तो इस्त्रीचा गाऊन दिसला, विंचरलेले केस दिसले, गादीवाल्याच्या गमतींना हसणारा तो चेहरा. दोन तास. वाहन चुकायला नको म्हणून निघताना आई म्हणायची, जरा बस की अजून. तिने वहीकडे पाहिलं. त्या वाक्याच्या खाली आणखी एक ओळ होती आणि ती खोडलेली होती, पेन्सिल दाबून, कागद चकाकेपर्यंत.

"हे काय खोडलंयस?"

"ते राहू दे."

"वाच."

भावजयीने वही स्वतःकडे ओढली, पण मिटली नाही. मग न वाचताच म्हणाली, "सोमवारी जखम परत ओली झालेली असायची. मला त्या मुलीचा राग यायचा." आणि लगेच म्हणाली, "तुम्ही दुखावाल म्हणून काढलं. आणि खरं म्हणजे ते खरंही नव्हतं. राग यायला तुम्ही काही केलं पाहिजे ना. तुम्हाला तर माहीतही नव्हतं. मी सात महिने सगळं केलं ताई. त्या मला चिमे म्हणायच्या, माझा हात धरून झोपायच्या. पण माझ्यासाठी त्या कधी उठून बसल्या नाहीत. पहिल्या दिवसापासून माझ्यापुढे त्या आजारीच होत्या. तुमच्यापुढे आई असायच्या. मी बाहेर उभी राहून तुमचं हसणं ऐकायचे. तो राग नव्हता. त्याला काय म्हणतात मला लिहिताना सुचेना, म्हणून राग लिहिलं, आणि बरोबर नाही वाटलं म्हणून खोडलं."

ताईने खोडलेली ओळ टाइप केली, सोमवारी जखम परत ओली झालेली असायची, जशी सांगितली तशी, काही न हलवता. दुसऱ्या वाक्याला तिने 'मला त्या मुलीचा' इथपर्यंत लिहिलं आणि पुढे एक शब्द लिहून संगणक भावजयीकडे वळवला. भावजयीने पुढे वाकून वाचलं. 'हेवा वाटायचा.' तिने तो शब्द ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून बघितला.

"हो," ती म्हणाली. "हाच. तुम्हाला कसा लगेच सुचला?"

"लगेच नाही," ताई म्हणाली. "अकरा दिवस झाले."

भावजय तिच्याकडे बघत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर आधी काहीच आलं नाही, आणि मग सगळं कळल्याचं हळूहळू आलं. ती हसली नाही, आणि उठून जवळही आली नाही. वहीवरची पेन्सिल तिने नुसती नीट ठेवली.

"टाकू?" ताईने विचारलं. सेहेचाळीस लेखांत तिने हे एकदाही विचारलं नव्हतं.

"टाका," भावजय म्हणाली.